मलेरियाच्या परजीवींची औषध-प्रतिकार चाचणी: प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

माझ्या पहिल्या पावसाळ्यात एका प्लेटवर क्लोरोक्विनचा आयसी-५० (परजीवींची वाढ निम्म्यावर आणायला लागणारं औषधाचं प्रमाण) इतका वर गेला की घरी येताना ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत उभ्याउभ्या मी आमच्या मॅडमना मेसेज लिहून ठेवला. ऐरोली गेल्यावर लक्षात आलं की त्याच प्लेटवरचा ३डी७ हा स्ट्रेनही (परजीवीचा प्रयोगशाळेतला ठरलेला वाण) वर गेला होता. ३डी७ क्लोरोक्विनने मरतो, त्यासाठीच तर तो प्लेटवर ठेवतात. एरवी तो १० ते २० नॅनोमोलरमध्ये असतो, माझ्याकडे पन्नासच्या पुढे होता. मेसेज पाठवला नाही. सकाळी वही उघडली तेव्हा कारण सापडलं: स्टॉक (औषधाचं मूळ घट्ट द्रावण) बनवताना पावडरचं वजन एका हिशोबाने आणि रेणुभार दुसऱ्याच हिशोबाने घेतला होता, वर परजीवींचं प्रमाणही जास्त पडलं होतं.

एम.एस्सी. करून ठाणे–नवी मुंबईतल्या एखाद्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून जे मलेरियाच्या कामाला लागतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. प्रोटोकॉल तुम्हाला छापील मिळेलच. प्रतिकार आपल्याच हातून कसा ‘तयार’ होतो, ते मात्र त्यात नसतं.

१. आधी प्रश्न ठरवा

औषध-प्रतिकार तीन ठिकाणी तपासतात आणि तिन्हींची उत्तरं वेगळी असतात.

रुग्णात: ठरलेलं औषध डोळ्यांदेखत द्यायचं आणि २८ किंवा ४२ दिवस स्लाइड बघत राहायचं. सरकार औषध-धोरण बदलतं ते मुख्यतः या अभ्यासांवरून.

फ्लास्कमध्ये: परजीवी शरीराबाहेर वाढवून त्यावर औषध घालायचं. इथे रुग्णाची प्रतिकारशक्ती, उलटी, अर्धवट कोर्स असलं काही मध्ये येत नाही.

जनुकात: प्रतिकाराशी जोडलेले बदल पीसीआरने (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती बनवून) शोधायचे.

भारतात क्लोरोक्विनला न जुमानणारा फॅल्सिपॅरम (मलेरियाच्या परजीवींतली जास्त घातक जात) पहिल्यांदा १९७३ साली आसामच्या कार्बी आंगलाँगमध्ये नोंदला गेला. पुढे ईशान्येत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनही (एसपी) कमी पडू लागलं, म्हणून २०१३च्या राष्ट्रीय धोरणात तिथे आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन आलं. बाकी देशात फॅल्सिपॅरमसाठी आर्टिसुनेट आणि एसपी ही जोडी राहिली. तुम्ही भराल त्या प्लेटचा आकडा अशाच निर्णयांच्या वाटेवरचा असतो, म्हणून प्लेट भरण्याआधी आपण तिघांपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

२. कागद आणि सामान

पहिला नमुना घेण्याआधी हे हातात हवं:

– संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आणि जैवसुरक्षा समितीची परवानगी
– संमतिपत्र, मराठी आणि हिंदी दोन्हीत, न वाचता येणाऱ्यांसाठी साक्षीदाराच्या सहीची जागा असलेलं
– नमुने जिथून येणार त्या रुग्णालयाचं किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाचं पत्र
– तुमच्या हेपटायटिस-बी लशीची नोंद
– २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रंगवार पिशव्या आणि कचरा उचलणाऱ्यांशी झालेला करार

कागदांना माझ्या अंदाजापेक्षा बराच जास्त वेळ लागला. जूनमध्ये नमुने हवे असतील तर जानेवारीत अर्ज टाका.

सामानात बायोसेफ्टी कॅबिनेट, ३७ अंशांचा इन्क्युबेटर, तेलाच्या लेन्सचा चांगला मायक्रोस्कोप, सेंट्रिफ्यूज, फ्लुरोसन्स वाचणारा प्लेट-रीडर, पीसीआर मशीन आणि द्रवरूप नायट्रोजनचा डबा. माझ्या मते यात सगळ्यात आधी पैसे मायक्रोस्कोपवर घालावेत. बाकी यंत्रं शेजारच्या विभागाची वापरता येतात, स्लाइड मात्र रोज आणि कितीतरी वेळा बघावी लागते.

३. रुग्णाशी बोला

ही पायरी छापील प्रोटोकॉलमध्ये दोन ओळींत संपते. मला विचाराल तर निम्मी चाचणी इथेच होते.

पहिली गोष्ट, आपल्याकडच्या शहरी मलेरियात व्हायवॅक्स ही परजीवीची दुसरी जात जास्त सापडते. बांधकामावर साचलेलं पाणी, गच्चीवरच्या उघड्या टाक्या आणि त्यात वाढणारा अॅनोफिलिस स्टिफेन्सी हे इथलं चित्र. व्हायवॅक्सला अगदी कोवळ्या तांबड्या पेशी लागतात, त्यामुळे तो फ्लास्कमध्ये कायम वाढवता येत नाही. ताज्या रक्तात एका चक्रापुरती चाचणी होते, पुढे नाही. मी पहिल्या महिन्यात दोन व्हायवॅक्स नमुने वाढवायच्या नादात मीडियाची (परजीवी वाढवायच्या पोषक द्रवाची) बाटली संपवली. पुढे लिहिलेलं कल्चर (परजीवी फ्लास्कमध्ये वाढवणं) आणि प्लेटचं काम फॅल्सिपॅरमचं आहे.

दुसरी, “औषध लागू पडलं नाही, ताप परत आला” असं व्हायवॅक्सचा रुग्ण म्हणाला की लगेच क्लोरोक्विनवर ठपका ठेवू नका. व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतो. त्यासाठीच १४ दिवसांचं प्रायमाक्विन असतं. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि लोक गोळ्या सोडतात. क्लोरोक्विनच्या किती गोळ्या घेतल्या तेही मोजून विचारा. मोठ्या माणसाचा कोर्स चार, चार, दोन असा दहा गोळ्यांचा असतो. बऱ्याच जणांनी चारच घेतलेल्या असतात, आणि त्यातल्या दोन उलटीत गेलेल्या.

तिसरी आणि फसवी गोष्ट म्हणजे आधी घेतलेली औषधं. “काही घेतलं का?” या प्रश्नाला उत्तर ‘नाही’च येतं. मी आता एका पुठ्ठ्यावर रिकाम्या स्ट्रिप चिकटवून नेते: क्लोरोक्विन, डॉक्सीसायक्लिन, अझिथ्रोमायसिन, कोट्रायमॉक्साझोल. घणसोलीच्या एका वॉचमनकाकांनी सगळ्याला नकार दिला, मग डॉक्सीच्या स्ट्रिपवर बोट ठेवून म्हणाले, “ये तो बारिशवाली गोली है.” साचलेल्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी ती त्यांना मिळाली होती. त्यांच्या दृष्टीने ते औषध नव्हतंच.

डॉक्सी परजीवीला लगेच मारत नाही, तिचा मार पुढच्या चक्रात बसतो. त्यामुळे असा नमुना फ्लास्कमध्ये दोन दिवस छान वाढतो आणि मग मान टाकतो, आणि तुम्ही मीडिया, इन्क्युबेटर, पाणी यांना दोष देत बसता. क्लोरोक्विन तर शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं.

चौथी, प्रवास. गेल्या महिन्यात ओडिशा, झारखंड, छत्तीसगड किंवा गडचिरोलीकडे जाऊन आलेल्या कामगाराचा फॅल्सिपॅरम तिकडचा असू शकतो. नोंदीत ‘नवी मुंबई’ एवढंच लिहिलंत तर नकाशाच चुकतो. आणि रुग्णाचे दोन फोन नंबर घ्या, एक त्याचा आणि एक मुकादमाचा. नाक्यावरचा माणूस आठवड्यात साइट बदलतो, आणि २८ दिवसांच्या पाठपुराव्यात सातव्या दिवसानंतर तो सापडला नाही तर आधीचं सगळं वाया जातं.

रुग्णाचं औषध तुमच्या चाचणीसाठी कधीही थांबवायचं नाही. पहिल्या गोळीच्या आधी रक्त घ्या आणि बाजूला व्हा.

४. रक्त घेणं आणि आणणं

कल्चरसाठी एसीडीची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाची) नळी मागा. हेपरिनच्या (हेही रक्त गोठू न देणारंच) नळीतलं रक्त वाढवायला चालतं, पण हेपरिन पीसीआर अडवतं, आणि एकच नळी मिळालेली असेल तर महिन्याभराने जेलवर (जिथे पीसीआरचे तुकडे पट्ट्यांसारखे उमटतात) काहीच दिसत नाही.

नळी चार अंशांच्या आसपास थंड ठेवा, बर्फाला थेट टेकू देऊ नका, नाहीतर पेशी फुटतात. तीन पदरी पॅकिंग करा: नळी, तिच्याभोवती शोषून घेणारा कापूस आणि गळती न होणारा डबा, त्यावर कडक खोकं. कळव्याहून तुर्भ्याला जायला लोकल सगळ्यात सोपी वाटते, पण रक्ताचे नमुने लोकलच्या गर्दीतून आणायचे नाहीत. संस्थेची गाडी किंवा परवानगी असलेला कुरियर. त्याच दिवशी पोचलं आणि त्याच दिवशी धुतलं तर उत्तम.

पीसीआरसाठी फिल्टर पेपरवर तीन-चार थेंब घ्या. जुलैत इथल्या हवेत हे थेंब तासन्‌तास ओलेच राहतात, बुरशी धरतात, आणि उघडे ठेवले तर मुंग्या खातात. हे मी पाहिलं आहे: सकाळी कागदावर थेंबांच्या जागी गोल भोकं होती. पंख्याखाली, जाळीच्या झाकणाखाली, टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवून वाळवा. पूर्ण वाळल्यावरच सिलिका जेलच्या पुडीसह झिप-पिशवीत घाला. निळी सिलिका गुलाबी झाली की बदला. नाव-क्रमांक पेन्सिलनेच लिहा, पेनाची शाई स्पिरिटने पुसते.

५. स्लाइड स्वतः वाचा

आरोग्य केंद्रातून ‘पीएफ’ (फॅल्सिपॅरम) म्हणून आलेली स्लाइडही स्वतः बघा. सरकारी केंद्रांत जेएसबी रंग वापरतात, तो झटपट आणि चांगला आहे. संशोधनाच्या मोजणीसाठी मात्र गिम्सा हा रंग घ्या आणि त्याच्या बफरचा पीएच ७.२ आहे हे रोज तपासा.

जाड थेंबावर २०० पांढऱ्या पेशी होईपर्यंत परजीवी मोजा आणि त्या आकड्याला ४० ने गुणा, म्हणजे दर मायक्रोलिटरचा अंदाज मिळतो. (पांढऱ्या पेशी ८००० धरल्या आहेत. रुग्णाचा सीबीसी असेल तर खरा आकडा घ्या.)

पाठपुराव्याच्या स्लाइडवर दोन सापळे आहेत. उपचारानंतर केळीच्या आकाराचे गॅमिटोसाइट दिसत राहतात, त्यांच्यावरून प्रतिकार ठरत नाही. ते डासात जाण्यासाठी बनलेले असतात आणि ताप आणत नाहीत. दुसरं, रॅपिड कार्ड. एचआरपी-२ हे प्रथिन परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं, त्यामुळे कार्डवरची रेष उमटतच राहते. “दोन आठवडे झाले तरी पॉझिटिव्ह, म्हणजे औषध फेल” असा फोन आला तर आधी विचारा: कार्ड की स्लाइड?

६. कल्चर सांभाळणं

१९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी फॅल्सिपॅरम सतत वाढवण्याची पद्धत दिली, आपण अजून तिच्याच वाटेने जातो. आरपीएमआय १६४० मीडिया, हेपिस, बायकार्बोनेट, हायपोझँथिन, जेंटामायसिन, मानवी सीरम किंवा अल्ब्युमॅक्स, ओ पॉझिटिव्ह तांबड्या पेशी, ३७ अंश, आणि ५ टक्के ऑक्सिजन, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन.

वायूचा सिलिंडर संपला तर घाबरू नका. डेसिकेटरमध्ये बिनवासाची पांढरी मेणबत्ती पेटवा, झाकणाची कळ उघडी ठेवा, ज्योत विझताच कळ बंद करा. ट्रेगर-जेन्सन यांचीही हीच युक्ती होती. दिवे गेले तरी हा डबा थर्मोकोलच्या खोक्यात कोमट पाण्याच्या बाटल्यांसोबत काही तास तग धरतो. वीजपुरवठा बंद राहणार असल्याचा मेसेज आला की मी आदल्या संध्याकाळीच ही तयारी करते.

रक्तपेढीतून आलेली प्रत्येक नवी पिशवी आधी छोट्या फ्लास्कवर वापरून बघा. दात्याने मलेरियाचं औषध घेतलं असेल किंवा पेशींतच काही उणं असेल तर परजीवी मंदावतात. जुनी पिशवी संपण्याच्या आठवडाभर आधी नवी आणा, म्हणजे तुलना करता येते.

परजीवी एका वयाचे करायला ५ टक्के सॉर्बिटॉल: त्याने मोठे झालेले परजीवी फुटतात, रिंग (अंगठीसारखी दिसणारी कोवळी अवस्था) राहतात. १९७९ची पद्धत आहे, स्वस्त आहे, बिघडत नाही.

सुई, फुटकी काच, काहीही टोचलं तर धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा. आणि कोणता स्ट्रेन हाताळत होतात ते सांगा. डीडी२ या क्लोरोक्विनला न जुमानणाऱ्या स्ट्रेनवर काम करताना टोचलं असेल तर क्लोरोक्विन देऊन चालणार नाही, हे डॉक्टरांना तुमच्याकडूनच कळणार आहे. आमच्या कॅबिनेटच्या काचेवर प्रत्येक स्ट्रेनला कोणतं औषध चालत नाही याचा तक्ता चिकटवला आहे.

७. प्लेट भरणं

९६ खान्यांची प्लेट, औषधाच्या दुपटी-दुपटीने उतरणाऱ्या पायऱ्या, परजीवी असलेल्या पेशी ०.५ टक्के, हिमॅटोक्रिट (एकूण द्रवात तांबड्या पेशींचा वाटा) २ टक्के, ७२ तास, मग सायबर ग्रीन. हा रंग डीएनएला चिकटून चमकतो. तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, म्हणून जे चमकतं ते परजीवीचं. रुग्णाचं रक्त थेट प्लेटवर घेत असाल तर पांढऱ्या पेशी गाळून काढा, नाहीतर त्यांचंच डीएनए चमकत राहतं, औषधाने काहीच झालं नाही असं दिसतं, आणि तुम्ही ‘प्रतिकार’ लिहून मोकळ्या होता.

बाकीच्या चुका, माझ्या आणि माझ्या डोळ्यांसमोर झालेल्या:

क्लोरोक्विन डायफॉस्फेटचा रेणुभार ५१५.९, नुसत्या बेसचा ३१९.९. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचून त्याच आकड्याने गणित करा. उलट केलंत तर औषध दीडपटीहून पातळ होतं आणि प्रत्येक नमुना हट्टी वाटतो. दुकानातल्या २५० मिलिग्रॅमच्या गोळीतही बेस १५०च असतो, ही गल्लत तशी सगळीकडेच होते.

परजीवी ०.५ ऐवजी २ टक्के पडले तर आयसी-५० आपोआप वर सरकतो. पातळ करण्याआधी स्लाइड मोजा, अंदाज नको.

पायरिमेथामिनसारखी फोलेट अडवणारी औषधं साध्या आरपीएमआयमध्ये तपासू नका. त्यात फोलिक अॅसिड आणि पॅबा (ज्यापासून परजीवी फोलेट बनवतो) भरपूर असतं, परजीवीला आयतं जेवण मिळतं. कमी फोलेटचा मीडिया घ्या.

कडेच्या खान्यांतलं पाणी उडतं. तिथे नुसता मीडिया भरा आणि नमुने आतल्या खान्यांत ठेवा.

डायहायड्रोआर्टिमिसिनिन (आर्टिसुनेट, आर्टिमेथर यांचं शरीरात होणारं रूप) मीडियात तासांत विरतं. डीएमएसओ या द्रावकात छोटे भाग गोठवा, एकदा वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका.

आणि प्रत्येक प्लेटवर, जागा कमी पडली तरी, ३डी७ आणि एक प्रतिकारक स्ट्रेन हवाच. क्लोरोक्विनसाठी साधारणपणे १०० नॅनोमोलरच्या वर प्रतिकार धरतात. पण ३डी७ आपल्या जागी नसेल तर त्या प्लेटवरचा एकही आकडा वाचू नका, फेकून द्या. त्रास होतो. तरीही.

८. आर्टिमिसिनिनसाठी वेगळी चाचणी

आर्टिमिसिनिनला तग धरणारा परजीवी ७२ तासांच्या प्लेटवर बहुधा नेहमीसारखाच दिसतो. त्याची युक्ती फक्त कोवळ्या रिंगच्या अवस्थेत चालते, तेव्हा तो जणू झोपून राहतो. म्हणून रिंग-स्टेज सर्व्हायव्हल चाचणी: ० ते ३ तासांच्या रिंग, ७०० नॅनोमोलर डायहायड्रोआर्टिमिसिनिन सहा तास, मग नीट धुऊन पुढे ६६ तास. औषधाविना वाढवलेल्यांच्या तुलनेत १ टक्का किंवा जास्त जगले तर ती दखल घेण्याजोगी गोष्ट.

इथे धुणं कमी पडलं तर जगू शकणारेही मरतात, आणि रिंग चार-पाच तासांच्या असतील तर आकड्याला अर्थ राहत नाही. मोजणी दहा हजार पेशींवर, दोघांनी, नमुना कोणता ते न कळता. आक्रसलेले काळे ठिपके म्हणजे मेलेले परजीवी, ते मोजायचे नाहीत. हे डोळ्याला बसायला मला चार महिने लागले. घाई करू नका, शेजारी अनुभवी माणूस घेऊन बसा.

९. पीसीआर आणि न कापलेला पट्टा

क्लोरोक्विनसाठी पीएफसीआरटी जनुकातला के७६टी हा बदल बघतात, पायरिमेथामिनसाठी पीएफडीएचएफआर, सल्फाडॉक्सिनसाठी पीएफडीएचपीएस, आर्टिमिसिनिनसाठी केल्च-१३ ही जनुकं. यातला शेवटचा २०१४ साली कंबोडियातल्या परजीवींवरून पुढे आला, सी५८०वाय हा त्यातला सगळ्यात गाजलेला बदल.

के७६टी साठी बरेच जण अपो-वन हे एन्झाइम वापरतात. मूळ रूपाचा तुकडा ते कापतं, बदललेला तसाच राहतो. आता नीट बघा: एन्झाइम जुनं झालं, बफर चुकला, डीएनए अशुद्ध राहिलं, तरीही तुकडा तसाच राहतो. म्हणजे फसलेला प्रयोग आणि प्रतिकारक परजीवी जेलवर हुबेहूब सारखे दिसतात. आपल्या देशात हा बदल खूप पसरलेला असल्यामुळे मनही पटकन मान्य करतं. दर जेलवर ३डी७ पूर्ण कापला गेलेला दिसलाच पाहिजे, आणि शंका असेल तो नमुना सिक्वेन्सिंगला. दोन्ही पट्टे दिसले तर मिश्र संसर्ग असेल किंवा कापणी अर्धवट झाली असेल. पुन्हा करा.

रुग्णात परजीवी परतला असेल तर तो जुनाच की नव्या डासाचा, हे पहिल्या दिवसाच्या आणि परतल्या दिवसाच्या थेंबांतले एमएसपी-१, एमएसपी-२, ग्लर्प अशी परजीवीगणिक वेगळी असणारी जनुकं ताडून ठरतं. जागेवर डास असतील तर नवा संसर्ग सहज होतो. पहिल्या दिवसाचा थेंब नसेल तर हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो, म्हणून त्याची एक प्रत वेगळ्या खोलीत ठेवा.

१०. निकाल कसा सांगायचा

एका प्लेटवर, एका आठवड्यात, एका हाताने आलेला निकाल अजून निकाल नाही. तोच नमुना दुसऱ्या कुणीतरी, नव्या स्टॉकवर, पुन्हा लावला आणि तसाच आला तर वरिष्ठांना दाखवा. त्यांच्याकडून तो महापालिकेच्या हिवताप विभागाकडे आणि राष्ट्रीय कार्यक्रमाकडे जाईल. रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना आयसी-५० सांगू नका. एका ताईंनी माझ्याकडून तो आकडा ऐकून भावाच्या गोळ्याच बंद केल्या होत्या, मी दुसऱ्या दिवशी कोपरखैरण्याला त्यांच्या घरी जाऊन पुन्हा सुरू करायला लावल्या.

नोंदवहीत प्रत्येक नमुन्यापुढे हे लिहा: पहिल्या गोळीआधी रक्त घेतलं का, आधीची औषधं, प्रवास, नळीचा प्रकार, किती तासांत पोचलं, मीडियाचा आणि रक्तपिशवीचा क्रमांक, स्टॉक बनवल्याची तारीख, त्या प्लेटवरचा ३डी७ चा आकडा. आणि नमुना फ्लास्कमध्ये जरा सावरला, रिंग भरपूर दिसू लागल्या की प्लेट लावण्याआधीच दोन व्हायल ग्लिसरॉलाइट या गोठवण्याच्या द्रावणात गोठवा. रिंगच गोठवून परत जिवंत होतात, मोठे परजीवी नाही. एक व्हायल तुमच्या डब्यात, दुसरी दुसऱ्या इमारतीतल्या डब्यात.